मागचा पाय

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्याच्या भिंतीवर तो दोन खिळ्यांना टांगलेला असतो. तीन फूट उंच, बारा मिलिमीटर जाड एमडीएफचा, कमरेपासून वर किंचित मागे झुकलेला. अंगावर गाळ्यातल्या सुतार-मिस्त्रींचं पेन्सिलीतलं अक्षर: ‘मागचा पाय. डावा-उजवा एकच.’ खुर्चीच्या मागच्या पायाचा हा फर्मा.

सागवानाची फळी त्याच्या पोटाखाली आवळायची, वरून राऊटर हे फिरत्या पात्याचं यंत्र चालवायचं. बिटाच्या दांड्यावरचं बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकून चालतं आणि त्याखालचं पातं तीच रेघ सागवानात उतरवतं. एवढंच त्याचं काम. पण पहिल्या खुर्चीत टेकून बसल्यावर पाठीला जे बरं वाटलं, तेच चाळिसाव्या खुर्चीतही वाटतं ते याच्यामुळे. पाठीचा तो कल किती असावा हे मिस्त्रींनी एकदा बसून, उठून, रंध्याने अर्धा-अर्धा सूत काढून ठरवलं होतं. आता ते ठरवणं मिस्त्रींच्या डोक्यात कमी आणि या कडेत जास्त आहे.

अशा फर्म्याला जिगही म्हणतात, पण जिग हा शब्द वागळेत मुळात टूलरूमचा. १ ऑगस्ट १९६२ रोजी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली, इथेच झालेल्या छोटेखानी समारंभात एमआयडीसी सुरू झाली. सोळा नंबर, बावीस नंबर अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यांवर लेथ आणि मिलिंग चालवणारी माणसं वाढली. आज पुष्कळ कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण जुन्या फिटरशी बोलायला बसलं की ड्रिल-जिगचा विषय निघतोच. त्या जिगमध्ये ड्रिल जिथून आत जातो तिथे कडक पोलादाची बुश बसवलेली असते. झिजली की बुश बदलायची, जिग तोच. झीज कुणी सोसायची हे आधीच ठरवून ठेवणारी ही फार शहाणी रीत आहे, असं मला वाटतं. सुताराच्या फर्म्याला ती मिळालेली नाही. त्याची सगळी विद्या त्याच्या कडेत, आणि कड उघडी.

ती कड माझ्या हातून फुटली. रविवारी मी मिस्त्रींकडे शिकायला जातो. एक पाय पुरा झाला, मी बटण बंद केलं आणि बिट पूर्ण थांबण्याआधीच राऊटर वर घेतला. बेअरिंग वर गेलं आणि त्याच्या जागी, फर्म्याच्या उंचीवर, फिरतं पातं आलं. आवाज अगदी छोटा झाला. कडेवर चंद्रकोरीसारखी खाच: आठ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर खोल. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “मशीन गप्प झाल्यावरच हात उचलायचा.” मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मला खाचांचं गणित कळलं. खिळ्याने पडलेली दोन मिलिमीटर रुंदीची अरुंद खाच कितीही खोल असली, तरी बारा मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग तिच्यात जेमतेम ०.०८ मिलिमीटर उतरतं. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिशपेपरच्या दोन हातांत ते निघून जातं. माझी खाच तशी नव्हती. ती बारा मिलिमीटरच्या बिटाने खाल्लेली होती आणि बेअरिंगही तेवढ्याच व्यासाचं. म्हणजे बेअरिंग तिच्यात पुरतं बसणार, आणि पुढच्या प्रत्येक पायात दीड मिलिमीटरचा खड्डा पडणार. एक पाय बिघडला तर एक पाय जातो. फर्मा बिघडला आणि लक्षात आलं नाही, तर सहा खुर्च्यांचे बारा पाय जातात, आणि सागवान महाग आहे.

लहान जखमांना मिस्त्री अरल्डाइटमध्ये बारीक भुसा कालवून भरतात, सुकल्यावर घासतात आणि वरून फेविक्विक जिरवतात. एमडीएफची कड त्याने चांगली कडक होते. फक्त भरलेला भाग केसभरही वर राहता कामा नये. अरुंद खाच बेअरिंग ओलांडून जातं, उंचवटा मात्र ते कधीच चुकवत नाही. वाळलेल्या फेविकॉलचा थेंब किंवा कडेला चिकटलेला भुशाचा कणसुद्धा लाकडात उमटतो.

माझ्या खाचेला त्यांनी थिगळ लावलं. पटाशीने दोन इंच लांबीचा चौकोनी घास काढला, त्यात सागाचा तुकडा चिकटवला, जरा बाहेर ठेवूनच. रात्रभर क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा फर्मा काढला: मूळ. त्याला कामाला कधीच लावत नाहीत. त्याच्यावरून नक्कल काढायची आणि कामाला नक्कल जुंपायची. दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप लावून मूळ वर, जखमी खाली, आणि बेअरिंग मूळच्या कडेवरून एकदा हळूच फिरवलं. थिगळ बरोबर रेषेत आलं. टूलरूमची ती बुशची रीत इथे अशी वेगळ्या वाटेने आली आहे, हे मला त्या क्षणी दिसलं आणि फार आनंद झाला.

फर्म्याला इतरही वैरी आहेत. चिकटा बसून अडकलेलं बेअरिंग त्यातलं सर्वांत वाईट. मिनिटाला बावीस हजार फेरे घेणाऱ्या बिटाबरोबर तेही गरगरतं आणि सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर वेगाने कडेला घासतं. कड काळी पडून जळका वास आला की नुकसान झालेलं असतं. म्हणून मिस्त्री सुरुवात करण्याआधी बेअरिंग बोटाने फिरवून बघतात आणि अडखळलं तर नवं घालतात. बिटाचा दांडा कोलेटमध्ये तळाला टेकवून मग दोनेक मिलिमीटर वर घेतात आणि नीट आवळतात. सैल राहिलं तर बिट काम चालू असतानाच सरकतं. फळी आधी जिगसॉने कापून कडेपाशी दोन-तीन मिलिमीटरच ठेवतात, म्हणजे राऊटरला ओढायला फार काही उरत नाही. कड समोर असताना राऊटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलटा नेला तर तो हातातून पुढे पळतो आणि वाटेत फर्मा आला तर त्यालाही सोडत नाही. ठाण्याच्या पावसात एमडीएफ फुगतो, म्हणून मे महिन्यात त्याच्या कडांना लाखेच्या पॉलिशचा एक हात मिळतो.

सागाचं थिगळ त्या पिवळट कडेवर लांबूनही ओळखू येतं. त्याच्या शेजारी मिस्त्रींनी पेन्सिलने तारीख घातली. मग थोडा विचार करून खाली एक बाण काढला आणि लिहिलं, ‘राऊटर इथे उचलू नये.’ तारखेखाली नाव लिहायला जागा होती. ती त्यांनी मोकळीच ठेवली आणि फर्मा परत खिळ्यांवर टांगला.