वर्तुळांचा अर्थ

एका कार्याचीं कारणें अनेक असूं शकतात, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकविलें; त्याची खरी किंमत मात्र एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुखण्यांत कळली.

त्यास अकस्मात् आंकडी आली व मेंदूच्या स्कॅनमध्यें कडा उजळलेलीं तीन वर्तुळें दिसलीं. आपल्या देशांत अशा वर्तुळावरून प्रथम क्षयाच्या गांठीचा किंवा फीतकृमीच्या अळीचा संशय येतो. परंतु रोग्यास एच्.आय्.व्ही. असून सीडी-४ पेशी घनमिलिमीटरमागें १०० च्या खालीं गेल्या असतील, तर टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परोपजीवी जीव पुढें येतो. क्षय व लिंफोमा हा कर्करोग हेही विचारांत घ्यावे लागतात. तेव्हां कवटी उघडण्यापूर्वीं डॉक्टर बहुधा टॉक्सोप्लाझ्मावरील औषध देऊन सुमारें दोन आठवड्यांनीं पुन्हां स्कॅन काढतात. वर्तुळें आकसलीं तर अनुमान खरें; न आकसलीं तर तुकडा काढून तपासावा लागतो.

हा सारा तर्क ज्या एका विधानावर उभा, तेंच, मुलगा शुद्धीवर नसतां, वडिलांनीं अब्रूच्या भयानें चार दिवस दडविलें. अखेर सुनेनें धीर करून तें सांगितलें, आणि उपचारांस योग्य दिशा मिळाली. विद्यार्थी वांचला, उजवा हात मात्र अद्याप पूर्ववत् झालेला नाहीं.

अशी माहिती गुप्त राखण्याचें बंधन २०१७ च्या कायद्यानें रुग्णालयांवर घातलें आहे. शेजाऱ्यांपासून जें लपवावयाचें तें खुशाल लपवावें. परंतु डॉक्टरांपासून लपविलेलें सत्य रोग्यालाच भोवतें, एवढें घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंती आहे.