राजूर, पण कुठलं?

माझं गाव राजूर. हे वाक्य पूर्ण आहे असं मला बारावीपर्यंत वाटायचं. इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात जालन्याच्या मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे गणपतीचं राजूर?" वणीकडची म्हणाली, "आमच्या इथलं राजूर तर खाणींचं." मी म्हटलं, तसं नाही, अकोले तालुक्यातलं. त्यावर दोघींचं एकमत झालं की मी विदर्भातली! अकोले आणि अकोला यांत फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण मधे अर्धा महाराष्ट्र पसरलेला. त्यांचा तरी काय दोष? इंग्रजांनी १८८४ साली काढलेल्या अहमदनगरच्या गॅझेटिअरमध्ये आमच्या तालुक्याचं स्पेलिंग 'अकोला' असंच आहे.

गंमत म्हणून हे ठीक होतं. पण पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका पोर्टलने 'अको' एवढं टाइप केल्यावर आपणहून 'अकोला' निवडलं आणि माझा अर्ज दीड महिना भलत्याच टेबलावर पडून राहिला. तेव्हापासून मी गावाचं नाव शेपट्यांसकट सांगते. नगर जिल्हा, अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, पेढ्यांचं आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचं राजूर. या शेपट्यांना माझ्या आजच्या धंद्यात मेटाडेटा म्हणतात.

पंगत आणि डबा

मी हेडलेस सीएमएसवर काम करते. सीएमएस म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर आणि फोटो ठेवायची, बदलायची, प्रसिद्ध करायची व्यवस्था. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस त्यातलं सगळ्यांत ओळखीचं. तिथे मजकूर आणि तो दिसायचं पान एकाच घरात नांदतात. हेडलेस प्रकारात हा दर्शनी भाग, म्हणजे 'हेड', काढूनच टाकलेला असतो. मजकूर एका जागी नुसता साठवलेला. वेबसाइट, मोबाइल ॲप, बसस्टँडवरचा स्क्रीन, ज्याला हवा त्याने तो एपीआयकडून मागून घ्यायचा आणि आपापल्या पद्धतीने दाखवायचा. स्ट्रॅपी, कंटेंटफुल, सॅनिटी ही या प्रकारातली नावं. वर्डप्रेसनेही २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत मजकुराची एपीआय गाभ्यात घेऊन ही वाट मोकळी केली.

आईला मी हे पंगत आणि डबा असं सांगितलं. पंगतीत वाढणारा समोर असतो. हे पुरण, ही कटाची आमटी, जरा तिखट आहे हं, असं तो बोलून सांगतो. डबा निघाला की सोबत सांगणारा कुणी नाही. मुंबईचे डबेवाले, ज्यांच्यात मावळ, जुन्नर, आंबेगाव आणि आमच्या अकोल्याकडचेही लोक आहेत, म्हणूनच झाकणावर खुणा रंगवतात. कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला. डबा चार हातांतून जातो, पण झाकणावरच्या खुणा कुणाला विचारायची वेळ येऊ देत नाहीत.

हेडलेसमधला मजकूर हा असा डबा आहे. तो कुठल्या स्क्रीनवर उघडेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणजे ते शीर्षक असणार, हा अंदाज माणूस बांधतो. एपीआयला अंदाज बांधता येत नाही. शीर्षक हे शीर्षकाच्या फील्डमध्येच असावं लागतं, तारीख तारखेच्या, लेखक लेखकाच्या. व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर खाली जो चौकोन येतो, फोटो, ठळक ओळ आणि दोन ओळींचा गोषवारा, तो याच फील्डमधून तयार होतो. ती रिकामी असतील तर नुसती करडी पट्टी दिसते आणि कुणी ती उघडत नाही. फोटोचं वर्णन लिहायचं फील्ड भरलं नसेल, तर डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकाला फोन फक्त 'इमेज' एवढंच ऐकवतो. भाषेचं फील्ड चुकलं, तर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो, कारण लिपी दोघींची एकच.

नाव बदलतं, आकडा राहतो

प्रत्येक नोंदीला सिस्टिम एक आयडी देते. तो वाचायला कुरूप असतो आणि त्याला काही अर्थ नसतो, हाच त्याचा गुण. आमच्याकडच्या प्रदर्शनात येणाऱ्या डांगी बैलांचं उदाहरण घ्या. घरी त्याचं नाव असतं आणि कानात पिवळा बिल्ला असतो बारा आकड्यांचा. दुसऱ्या गावात विकला गेला की नवा मालक नवं नाव ठेवतो. बिल्ला तोच राहतो. लसीकरणाची नोंद नावावर ठेवली असती तर विक्रीच्या दिवशीच तुटली असती.

२०२४ मध्ये माझ्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्या वेळी आमच्या टीमकडे एका ग्राहकाची साइट होती, जिच्या प्रत्येक लेखात जिल्ह्याचं नाव अक्षरांत टाइप केलेलं होतं. कुणी 'अहमदनगर', कुणी 'अ.नगर', कुणी 'नगर'. आम्ही घरी सगळे 'नगर'च म्हणतो, त्यामुळे ते चूक म्हणायलाही जीभ रेटेना. 'शोधा आणि बदला' हे बटण इथे चालत नाही, कारण 'नगर' शोधलं की संभाजीनगर आणि विद्यानगरही सापडतात. आणि जुन्या लेखातल्या पुस्तकावर छापलेलं 'अहमदनगर' बदलणं म्हणजे इतिहासच खोटा करणं.

यावर सीएमएसचं उत्तर आहे संदर्भाचं फील्ड. जिल्हा ही वेगळी नोंद करायची आणि लेखात नाव न लिहिता त्या नोंदीकडे बोट दाखवायचं. जिल्ह्याच्या नोंदीत आजचं नाव, जुनं नाव, बोलण्यातलं नाव, कुठल्या वर्षापासून कुठलं, असं सगळं राहू शकतं. नाव एका जागी बदललं की हजार लेखांत बदलतं आणि जुनं नाव शोधणाऱ्यालाही वाट सापडते. सरकारही हेच करतं. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता. त्या आकड्यावर कुणाचा राग नाही की लोभ नाही. भंडारदऱ्याचंही असंच आहे. भंडारदरा धरण म्हणा, विल्सन धरण म्हणा, भिंत एकच, १९२६ मध्ये पुरी झालेली. त्यामागच्या पाण्याला कागदावर आर्थर लेक असंही नाव आहे. पर्यटक एक नाव शोधतो, अभियंता दुसरं. दोघे एकाच नोंदीवर पोचले पाहिजेत.

पत्त्याच्या शेवटी येणारा स्लग हीसुद्धा अशीच भानगड. मराठी स्लग ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. 'राजूर' या पाच चिन्हांची पंचेचाळीस होतात, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिली जाते. म्हणून मराठी साइटवाले रोमन स्लग वापरतात आणि मग 'अकोले' की 'अकोला' हा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो. जगालाही हा घोळ चुकलेला नाही. मेटाडेटाची सगळ्यांत प्रसिद्ध यादी, पंधरा फील्डची 'डब्लिन कोअर'. हे नाव ऐकून सगळे आयर्लंडला जातात. ती जिथे १९९५ मध्ये आकाराला आली ते डब्लिन अमेरिकेत आहे, ओहायो राज्यात.

टाइप कुणी केलं आणि आहे कुणाचं

गेल्या वर्षी आम्ही अकोले तालुक्यातल्या चौघांनी सुट्टीच्या दिवशी एक काम हाती घेतलं. गावठी बियाणांची नोंद. बियाणं हा आमच्या भागात शिळा विषय नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता घरात बियाणांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंकडचं बियाणं जगाला माहीत आहे. आमच्या डोक्यात होत्या त्या बाकीच्या घरांतल्या मडक्या, राखेत घोळवून ठेवलेला वाल, आढ्याला टांगलेली कणसं.

मी स्ट्रॅपी उघडलं आणि 'बियाणं' नावाचा कंटेंट टाइप करायला घेतला. फील्ड कुठली ठेवायची? जगभरच्या बियाणं बँका एक यादी वापरतात, एफएओ आणि तिच्या जोडीदार संस्थेने केलेली, जिला बियाणाचा पासपोर्ट म्हणतात. यादी उत्तम आहे. नमुना क्रमांक, गोळा केल्याची तारीख, अक्षांश, रेखांश, उंची. पारंपरिक वाणासाठी ३०० हा संकेतांक. कुठून घेतलं यासाठी शेत, बाजार, खळं असे पर्याय, आणि परसबागेला तर स्वतंत्र क्रमांक, २३. बियाणं कुणी दिलं याचंही फील्ड आहे, पण ते मुळात संस्थेच्या संकेतांकासाठी. तो नसेल तर पर्याय म्हणून नाव लिहायचं. मडकं सांभाळणारी बाई या यादीत कुठेतरी बसते, पण तिच्यासाठी खुर्ची मांडलेली नाही. तिचं जे उरतं ते 'शेरा' नावाच्या मोकळ्या जागेत जातं, आणि शेऱ्यात लिहिलेलं कुणी गाळणी लावून शोधू शकत नाही.

दुसरीकडे सिस्टिम काही फील्ड स्वतःच भरत होती. नोंद कधी केली, कधी बदलली, कधी प्रसिद्ध केली, कुणी केली. 'कुणी केली' इथे माझं नाव. चाळीस नोंदी, चाळीस वेळा मी. मी एकही बी पेरलेलं नाही, फक्त लॉगिन केलं होतं. यंत्राला दिसतो तो टाइप करणारा हात. वस्तू कुणाची हे त्याला कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं, आणि सांगायला जागा केलेली असावी लागते.

म्हणून आम्ही 'व्यक्ती' असा दुसरा कंटेंट टाइप केला आणि बियाणाला दोन संदर्भ जोडले. आज कुणाकडे आहे आणि त्यांच्याकडे कुणाकडून आलं. दुसरा संदर्भ पुन्हा व्यक्तीकडेच जातो, त्यामुळे साखळी मागे मागे नेता येते. मग परवानगीचा मुद्दा आला. एपीआय उघडी ठेवली की नोंद कुणीही उचलू शकतं, आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येत असताना कुणाच्या मडक्यात काय आहे हे जगाला सांगणं हा आमचा अधिकार नव्हे. हेडलेस सीएमएसमध्ये कुणाला काय दिसावं हे ठरवता येतं. नावं आणि ठिकाणं आम्ही बंद ठेवली. 'संमती' हे फील्ड सक्तीचं केलं. ते होकारार्थी नसेल तर नोंद मसुदाच राहते.

नावं मात्र सक्तीची करायची नाहीत यावर आमचं भांडण झालं. एकजण म्हणाला, रिकामं फील्ड म्हणजे कच्चं काम. पण सक्ती केली की लोक 'एबीसी' किंवा एक टिंब टाकून पुढे जातात, हे आम्ही चौघांनीही नोकरीत पाहिलेलं आहे. शेवटी तीन पर्याय ठेवले. 'विचारलं नाही', 'विचारलं, अजून कळलं नाही' आणि 'सांगायचं नाही'. डेटाबेसला तिन्ही रिकामेच वाटतात. माणसांच्या लेखी त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिली पूर्ण नोंद आमच्या घरची, वालाची. आजीला विचारलं, हा वाल तुझ्याकडे कुठून आला? म्हणाली, "सासूनं दिला." तिचं नाव काय? आजी हसायला लागली. "सासूचं नाव कोन घेतंय गं? समदी तिला खिरविरकरीणच म्हनायची." मी वडिलांना विचारलं, चुलत्यांना विचारलं. माहेरच्या गावावरून हाक मारली जाणारी माझी पणजी सगळ्यांना आठवते. तिच्या हातचं कडू वालाचं बिरडं आठवतं, नाव कुणालाच आठवत नाही.

तिच्यासाठी व्यक्तीच्या नोंदीत 'माहेर' हे फील्ड वाढवलं. त्यात खिरविरे आहे, गावाच्या नोंदीला जोडलेलं. सिस्टिमने तिलाही एक आयडी दिला आहे, त्यामुळे वालाची साखळी तिच्यापर्यंत नीट पोचते. नावाच्या जागी 'विचारलं, अजून कळलं नाही' असं आहे. दिवाळीत खिरविऱ्याला जायचं ठरलंय. तिच्या भावाची नातवंडं तिथे आहेत. त्यांच्यापैकी कुणाला नाव माहीत असलं, तर ते मी तिथूनच फोनवर भरीन.