दोराच्या गाठी

मोटर हवा ओढायला लागली की पाइपचा आवाज बदलतो. आधी घरघर, मग नुसता फुसफुसाट. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अकराला तो आवाज आला आणि मी धावतच विहिरीवर गेले. तळाला घोटाभर पाणी. वर सोलरच्या प्लेटा लख्ख उन्हात तापत होत्या. खालच्या आळीतले हंडे अजून रिकामेच होते.

संगमनेर तालुक्याच्या पठारभागातली आमची वाडी. 140 घरं, 700 माणसं, दोनशेच्या आसपास जर्सी गाई. पाणीपुरवठा समितीत मी आहे. बारावी सायन्स झालेली म्हणून हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. सौर पंप घ्यायचा ठरला तेव्हा 5 एचपीचा मिळत होता, तोच घेतला. मोठा मिळतोय तर लहान कशाला, असं सगळे म्हणाले आणि मीही मान हलवली. माझ्या वहीत प्लेटा किती, युनिट किती, सगळं होतं. पाण्याचं पान मात्र कोरं होतं.

त्या रात्री सासूबाईंनी विचारलं, “मोटर किती ओढती ते मोजलंस, हीर किती देती ते कुणी मोजलं का?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी माळ्यावरून पोहऱ्याचा जुना दोर काढला. फुटपट्टी लावून मी फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला किलोचं वजन बांधलं. एक दिवस मोटर बंद ठेवली. दर तीन तासांनी दोर सोडायचा, वर ओढायचा, मोबाइलच्या उजेडात ओल्या गाठी मोजायच्या. ओला काथ्या काळा दिसतो, त्यामुळे रेघ चुकत नाही. चोवीस तासांत सहा गाठी भिजल्या.

आमची विहीर वीस फूट रुंद. तिच्यात एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. सहा फूट म्हणजे 53,000. गरज किती? जलजीवन मिशन माणशी 55 लिटर धरतं, त्या मापाने माणसांचे 38,500. गाईला उन्हाळ्यात 70 लिटर धरले तर त्यांचे 14,000. बेरीज 52,500. काठोकाठ जमत होतं. मग विहीर अकरालाच का आटली? कारण टाकी होती 30,000 लिटरची. मोठी मोटर दहालाच ती भरून सांडायला लावायची आणि पुढचा तासभर उरलेलं पाणी ओढ्यात जायचं. आमचं पिण्याचं पाणी आम्ही उन्हाच्या जोरावर उपसून ओढ्याला सोडत होतो. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग उलटा हिशेब मांडला. एक युनिट विजेत हजार लिटर पाणी 367 मीटर उंच चढतं, तेही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर. आम्हाला 40 मीटर चढवायचं होतं. साडेपाच-सहा युनिटं झाली. मोटर, पंप, पाइप यांतली गळती धरून अडीच पट, म्हणजे 14. एक किलोवॉटच्या प्लेटा दिवसाला चार-साडेचार युनिटं देतात. म्हणजे 3 एचपीची मोटर पुरेशी होती, आणि खरी गरज होती टाकीची. बॅटऱ्या बसवा असंही कुणी सुचवलं. पण बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, आणि टेकडीवर साठवलेलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. वर्गणी काढून 50,000 लिटरची दुसरी टाकी बांधली. आषाढात दोन दिवस ऊन दिसलं नाही तरी आता माणसांपुरतं पाणी असतं.

प्लेटा काढल्या नाहीत. कंट्रोलर बदलून दुपारची वीज गिरणीला दिली. आधी बाजरीचं दळण डोक्यावर घेऊन बायका तीन किलोमीटर जायच्या.

शेताचं मात्र अजून मनाला लागून राहिलंय. आमचे हे रात्री दोनला कांद्याला पाणी भरायला जायचे, कारण थ्री फेज लाइट तेव्हाच. एकदा बॅटरीच्या उजेडात बांधावर बिबट्याचे डोळे चमकले. त्यानंतर ते घरी येईपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहायची. गेल्या वर्षी शेतावरही सौर पंप आला आणि माझी रात्रीची झोप परत आली. त्या पंपाला मी नावं ठेवणार नाही. पण लाइट जायची तेव्हा विहिरीला विसावा मिळायचा. डिझेल महाग म्हणून माणूस इंजिन बंद करायचा. आता बिलही नाही आणि भारनियमनही नाही. सकाळी सुरू केलेली मोटर मावळतीपर्यंत चालते, आणि पिण्याच्या विहिरीशेजारी असे तीन पंप आहेत.

गेल्या वर्षी मेच्या मध्यावर चारच गाठी भिजल्या. म्हणजे 35,600 लिटर, माणसांनाही कमी. हिवरे बाजारला आम्ही जाऊन आलो होतो. तिथे पावसाळा सरला की गावचा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मगच पिकं ठरतात. तोच दोर मी ग्रामसभेत नेला आणि त्या तीन पंपांच्या मालकांसमोर ठेवला. होळीनंतर उन्हाळी घास करू नका, एवढंच मागितलं. एक दादा म्हणाले, “ताई, माझ्या गाईंनी काय खायचं?” प्रश्न खरा होता. त्यांचं घर दुधावर चालतं. चर्चा तीन बैठका चालली. शेवटी खरिपाच्या मक्याचा मुरघास करून बॅगा भरायचं ठरलं. कुट्टी यंत्र त्याच दुपारच्या विजेवर चालतं. ऑक्टोबरात तिघांच्या गोठ्यांत मिळून 40 बॅगा लागल्या.

यंदा 15 मेला पहाटे दोर सोडला. सासूबाई काठावर बसून होत्या. पाच गाठी ओल्या होत्या आणि सहावीचा खालचा अर्धा. त्यांनी ती सहावी गाठ चिमटीत धरून पाहिली आणि मला वहीत लिहायला सांगितलं.