टाकून दिलेली हाडं

पुरातत्त्व शिकून चंद्रपूरला परतले तेव्हा मला फक्त दगड दिसायचे. शहराजवळची पापामिया टेकडी अश्मयुगीन हत्यारांसाठी अभ्यासकांना ठाऊक होती. तसं काही आपल्यालाही सापडावं, एवढीच ओढ होती. एका उन्हाळ्यात नदीच्या खचलेल्या दरडीत, वाळूगोट्यांच्या थरात मला हत्यार घडवताना उडालेले सात दगडी छिलके मिळाले. शेजारीच हाडांचे जड, तपकिरी तुकडे होते. ते मी बाजूला फेकले. हाडं आपला विषय नाही, असं मला खरोखर वाटत होतं.

छिलके घेऊन मी पुराजीवशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त सरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "सोबत हाडं होती का?" मी खरं ते सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "दगड आणलेस, त्यांचं वय तिथेच टाकून आलीस."

मग त्यांनी समजावलं. हाड कोणत्या जनावराचं, ती जात केव्हा नामशेष झाली, यावरून थराच्या काळाचा अंदाज येतो. ते जनावर दाट रानातलं की गवताळ माळावरचं, यावरून तेव्हाचा प्रदेश कळतो. हाडाच्या कडा झिजल्या असतील, तर पुराने ते लांबून आणलेलं असू शकतं. मग शेजारच्या हत्याराशी त्याचा संबंध जोडताना जपावं लागतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पावसाळ्यानंतर आम्ही तिथे गेलो. दरड नदीने नेली होती.

पुढच्या हिवाळ्यात सर मला वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला घेऊन गेले. तिथल्या शेतांत डायनासोरची हाडं, कासवांचे अवशेष आणि दगड झालेली विष्ठा मिळते. माणूस जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीची ही जागा. "इथे तुला हत्यार मिळणार नाही, म्हणूनच आणलं," सर म्हणाले. गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा पाहायला मी तिथे शिकले.

त्या दगडी विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते २००५ साली प्रसिद्ध केलं. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यातून दिसलं. २०११ साली त्याच गावच्या नमुन्यांतून भाताच्या कुळाचे प्राचीन नातलगही ओळखले गेले. धानाच्या मुलखात वाढलेल्या मला हे वाचून भरून आलं. असेच कण जुन्या चुलीच्या राखेतही टिकतात आणि तिथल्या माणसांनी कोणतं धान्य वापरलं ते सांगतात. पुढे एका उत्खननात चुलीची राख फेकली जाणार होती. मी ती पिशव्यांत भरून घेतली, हाडांचा चुराही चाळून ठेवला. ती बुद्धी माझी नव्हती, पिसदुऱ्याची होती.

या भागातले जीवाश्म एकोणिसाव्या शतकात गोळा करणारे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची गोष्टही सरांनीच सांगितली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीची दगडांची कडी, पाहून परतताना, पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. जीवाश्म आणि शिळावर्तुळं हे दोन्ही त्यांना आपलेच विषय वाटले. मी मात्र शेजारी शेजारी पडलेल्या दोन वस्तूंतही भिंत घातली होती.

सर आता नाहीत. ते सात छिलके माझ्याकडे आहेत. पाकिटावर थराची नोंद नाही, सोबतच्या प्राण्याची नोंद नाही. ती आता कोणालाही करता येणार नाही.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वाचकांना एवढंच सांगते: शेतात, नाल्यात, प्राणहितेच्या काठी दगडासारखं झालेलं हाड दिसलं, तर उचलू नका. जागेचा फोटो काढा, खूण लक्षात ठेवा आणि जाणकाराला तिथे घेऊन या.