दहा बाय बाराच्या खोलीत

मुंबईत भोईवाड्याच्या चाळीत एकटीने रडायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागते. दहा बाय बाराची खोली, त्यात घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या नजरेसमोर. गॅलरी सगळ्या मजल्याची, जिना पोरांचा, आणि जरा गप्प दिसलं की शेजारून "काय गं, बरं नाही का?" ठरलेलं. ही माया मला प्रिय आहे, तिच्यावरच मी वाढले. पण दिवसभर कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची वहिनी म्हणून बोलताना माझं स्वतःचं म्हणणं काय आहे ते मलाच ऐकू येत नाही. रात्री सगळ्यांची अंथरुणं पडली की मोरीकडचा दिवा तेवढा ठेवून मी वही उघडते. माझ्यापुरती तीच वेगळी खोली.

ही सवय लागली आईच्या आजारपणात. टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. 1941 पासून ते इथे आहे, आणि बाहेरच्या फुटपाथवर देशभरातून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं कायम दिसतात. बहुतेकांच्या पिशवीत एक जाडजूड फाइल असते आणि फाइलीत वही. औषधांच्या वेळा, रक्ताचे रिपोर्ट, केमोच्या तारखा, खर्च. माझीही तशीच होती, दोनशे पानी. एका पानावर अजून आहे: "उलटी दोनदा. पेज अर्धी वाटी. ताप 100." आणि त्याखाली, का कोण जाणे, "आज आईवर चिडले."

पुढच्या दिवशी तेच वाक्य पुन्हा आलं. मग एका रात्री त्या वाक्यापाशी हात थांबेना. आई वाटी बाजूला सारते तेव्हा मला राग पेजेपायी येत नाही. ही जायला तयार झाली आणि मी नाही, म्हणून येतो. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, कारण लिहीपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. सकाळी मी तिला म्हटलं, "नको असेल तर राहू दे गं." ती म्हणाली, "थोडं लोणचं दे."

दुकानात हल्ली छापील प्रश्नांच्या सुरेख डायऱ्या मिळतात: आज कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहात, वगैरे. मला त्या परक्या वाटतात. आपला प्रश्न दुसऱ्याने छापून कसा द्यायचा? तो आपल्याच ताप-पेजेच्या नोंदींतून वर यायला हवा.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी अशा लिहिण्याबद्दल अमेरिकेत केलेला एक प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांवर लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांची मनं जडच झाली होती. पण ज्यांनी घडलेलंही लिहिलं आणि त्या वेळी काय वाटलं तेही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नुसती हकिगत लिहिणाऱ्यांना हा फायदा झाला नाही. पुढे पेनेबेकरांना आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांचं लेखन दिवसागणिक कारणांकडे, उमजण्याकडे सरकत गेलं, त्यांना जास्त लाभ झाला. नंतरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तर हा परिणाम लहानच निघतो. वही म्हणजे औषध नव्हे, आणि तिच्याकडून औषधाची अपेक्षाही मी करत नाही.

हकिगतीकडून उमजण्याकडे हे सरकणं मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात. इथून जवळच, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत त्यांनी संसार आणि अभ्यास केला. पुढे राजगृह या स्वतःच्या घरी गेल्यावर, 1935-36 च्या सुमारास, त्यांनी स्वतःच्या हाताने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही टिपणं लिहिली. 1901 चा एक प्रवास त्यात आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुलं, अंगात नवे सदरे, पायांत नवे बूट. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवाले फिरतात. डब्यात जेवण भरपूर, पण पाणी कुणी देत नाही, म्हणून पोरं उपाशी झोपतात. सगळं साध्या शब्दांत. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून अस्पृश्य म्हणून निघावं लागलं तो प्रसंगही तसाच. पण तिथे ते हकिगतीवर थांबत नाहीत. अस्पृश्यता हिंदूंच्या उंबऱ्याशी संपत नाही, हे आपल्याला त्या दिवशी प्रथम कळलं, असं ते नोंदवतात. इतक्या वर्षांनी, इतका अभ्यास केलेला माणूस स्वतःच्या दुखण्याकडे परत जातो आणि त्यातून त्याला काय कळलं ते विचारतो, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. ही टिपणं त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 मध्ये छापली.

माझी वही कुणी छापावी अशी इच्छा नाही. घरच्यांनी वाचू नये एवढीच आहे, आणि ते वाचत नाहीत; चाळीतही एवढा मान राखला जातो. आई जाऊन बराच काळ लोटला, तरी लिहिणं सुटलेलं नाही. सध्या एकच गोष्ट चालू आहे: गावाहून भावाचा फोन आला की जमिनीचा विषय निघायच्या आधीच माझा आवाज चढतो. जमीन मला नको आहे, हे पानापानावर लिहून झालं. मग आवाज कशासाठी चढतो, तिथवर अजून पोचले नाही. त्याचा फोन रविवारी येतो.