आईने सोडून दिलेली कामे

“गुडघे कसे आहेत?” असे मी आईला रोज विचारत असे आणि “वयाला शोभतील असेच,” हे तिचे उत्तर ठरलेले असे. मीही तेवढ्यावर समाधान मानी. एके दिवशी देवघरातला पाट भिंतीशी टेकवलेला दिसला. त्यावर धूळ साचली होती. कित्येक आठवडे आई उभ्यानेच पूजा उरकत होती. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. गच्चीवर जाणे बंद, मंडईत जाणे बंद, कंटाळा येतो म्हणून शेजारचे भजनही बंद. दुखण्याची तक्रार तिने कधीच केली नव्हती. दुखवणारे प्रत्येक काम मात्र निमूटपणे सोडून दिले होते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्राआधी हीच चौकशी केली. जिना उतरताना दुखते का? उठताना हाताचा आधार लागतो का? सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो? ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा संधिवात, बहुधा पंचेचाळिशीनंतर जाणवतो. त्याचे दुखणे हालचालीने वाढते, विश्रांतीने शमते आणि सकाळचा ताठरपणा सहसा ३० मिनिटांच्या आत ओसरतो. ताठरपणा बराच वेळ टिकत असेल, सांधा अचानक सुजून लाल व गरम झाला असेल किंवा ताप असेल, तर कारण निराळे असू शकते; अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

चित्रात दिसणारी झीज आणि रुग्णाला होणारा त्रास यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. म्हणूनच या आजाराचा परिणाम मोजण्यासाठी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली वापरतात. तिच्या २४ प्रश्नांपैकी ५ वेदनेविषयी, २ ताठरपणाविषयी आणि तब्बल १७ रोजच्या कामांविषयी आहेत. आपल्या घरांत त्यांना आणखी दोन जोडावेत: मांडी घालून बसता येते का आणि शौचाला उकिडवे बसता येते का?

आता आई मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नेमाने करते आणि खुर्चीवर बसून सावकाश पूजा करते. भजनालाही पुन्हा जाऊ लागली आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आज “दुखते का?” एवढेच विचारून थांबू नका. “पूर्वी करत होतात, पण आता करत नाही, असे काय आहे?” हेही विचारा, आणि त्यांचे उत्तर लिहून डॉक्टरांकडे न्या.