मोटारीतील हवेची गाळणी

इंदूरची कीर्ती आता स्वच्छतेची कीर्ती झाली आहे. होळकरांची राजधानी, कापडगिरण्यांचे गाव, सराफ्यातील रात्रीच्या खाण्याचे माहेर ह्या जुन्या ओळखी मागे पडल्या. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून ओळीने सात वेळा त्याचे नाव पुकारले गेले, आणि पुढे तर त्यास श्रेष्ठ शहरांच्या वेगळ्या पंक्तीत बसविण्यात आले. शहरांच्या हवेविषयी केंद्र सरकार जी पाहणी करते तिच्यातही, दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत, ते २०२३ आणि २०२५ साली पहिले आले. आम्हां इंदूरकरांना ह्याचा अभिमान आहे, आणि तो असावाही. मात्र हवेच्या त्या पाहणीत गुण मिळतात ते मुख्यतः शहराने केलेल्या उपायांना. एखाद्या माणसाच्या छातीत काय गेले ह्याची नोंद तीत नसते. तशी एक नोंद, काळ्यावर पांढरी नव्हे, पांढऱ्यावर काळी, आम्हांला आमच्या मोटारीत सापडली.

मोटारीत बसणाऱ्यांसाठी हवा गाळणारी एक स्वतंत्र गाळणी असते. आमच्याकडचे मिस्त्री तिला ‘एसी फिल्टर’ म्हणतात, पुस्तिकेत ‘केबिन फिल्टर’ असे नाव असते. इंजिनाची गाळणी वेगळी. तिची काळजी सारे घेतात, कारण ती तुंबली तर इंजिनाचा जोर घटतो. ही दुसरी तुंबली तर केवळ माणसाचा श्वास अडतो, म्हणून तिची आठवण कोणाला होत नाही! कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची हवा गाळून आत घेणारी योजना आपल्या मोटारींत बसविली होती. आमच्याकडे मात्र अँबॅसॅडर आणि फियाटच्या काळात काच खाली करणे हीच काय ती वायुविजनाची व्यवस्था. आणि पुढेही पुष्कळ स्वस्त मोटारींत गाळणीची जागा ठेवलेली असे, गाळणी नसे.

आमच्या मातोश्रींना दमा आहे. दर पंधरवड्यास त्यांना पलासियाहून डॉक्टरांकडे न्यावे लागते. गेल्या उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावर उभ्या असता त्या जितक्या खोकत त्याहून अधिक बंद मोटारीत खोकत. पंखा चौथ्या घरात ठेवूनही वारा दुबळा, आणि सुरू करताच ओलसर फडक्यासारखा वास. मोटार नुकतीच एका कारखान्यातून दुरुस्त होऊन आली होती. बिलात नव्या गाळणीची किंमत स्पष्ट लिहिलेली होती. आम्ही कप्पा उघडून पाहिले. गाळणी जुनीच होती.

तिचे वर्णन थोडे विस्ताराने केले तर वाचकांनी क्षमा करावी. नव्या गाळणीच्या चुण्या लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे एकसारख्या आणि पांढऱ्याशुभ्र असतात. थोड्या जागेत पुष्कळ कापड मावावे म्हणून ही योजना. इथे त्या निऱ्यांत काजळी बसली होती, टायर आणि रस्ता ह्यांच्या घर्षणातून उडणारा काळा चुरा होता, गव्हाच्या कापणीनंतर माळव्यात जो भुसा उडतो त्याचे कण होते, पिंपळाचे एक जाळीदार पान होते, आणि ह्या सर्वांवर एक फिकट गुलाबी छटा होती. तो गुलाल होता. रंगपंचमीला राजवाड्यासमोरून जी गेर निघते तिच्यात यंत्रांनी रंग आकाशात उडवितात. तो समोरच्या काचेच्या तळाशी, जिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, तिथे साचतो, आणि पुढे कित्येक दिवस थोडा थोडा आत येत राहतो. सणाचे उरलेले रंग मातोश्री वैशाखापर्यंत श्वासावाटे घेत होत्या, असेच म्हणावयाचे!

कारखान्याचे गृहस्थ म्हणाले, “हवा मारून देतो, नव्यासारखी होईल.” ती तशी होत नाही. ह्या कापडाचे तंतू बारीक असतात, आणि पुष्कळ गाळण्यांत त्यांवर विद्युत्भार दिलेला असतो. सूक्ष्म कण त्या ओढीने चिकटतात. २०२० सालच्या साथीत आपण जे मुखपट तोंडाला बांधले त्यांतील चांगल्या प्रतीचे कापड ह्याच कुळातले. धुतल्याने तो भार घटू शकतो. जोराच्या हवेने तंतू फाकतात आणि धूळ अधिक खोल रुतते. पान झटकून काढावे, इतपत ठीक. गाळणी काही शे रुपयांस मिळते. वास शोषणारी, कोळसा घातलेली थोडी महाग; धुराच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने तीच घ्यावी, असे आमचे मत आहे.

बसविणे दहा मिनिटांचे काम आहे. बहुतेक मोटारींत चालकाशेजारच्या बैठकीपुढील कप्प्यामागे ती असते. काहींत पायांजवळ वा बॉनेटखाली, ते पुस्तिकेत पाहावे. इंजिन बंद करून कप्पा रिकामा करावा, बाजूची दोरी असल्यास सोडवावी, दोन्ही कडा आत दाबल्या की कप्पा खाली लोंबतो. मागे एक लांबट झाकण दिसते. ते काढून गाळणी हळूच, आडवी ओढावी, नाही तर सारा गुलाल पायांवर. खाच कोरड्या फडक्याने पुसावी. नवीवर बाण छापलेला असतो. तो हवेच्या दिशेने असावयास हवा. जुनीचा बाण काढण्यापूर्वीच पाहून ठेवावा. जुनी बसविणाऱ्यानेच ती उलटी बसविली असणे अशक्य नाही, तेव्हा पुस्तिकाही पाहावी.

केव्हा बदलावी? साधारणतः वर्षाने, किंवा पंधरा-वीस हजार किलोमीटरनंतर, असे सांगतात. धुळीच्या गावी त्याआधी. आम्ही आमच्यापुरते पंचांग ठरविले आहे. पावसाळ्याची ओल संपल्यावर, दसऱ्याला, मोटारीला झेंडूची माळ घालतो त्याच दिवशी नवी गाळणी. आणि रंगपंचमीनंतर एकदा उघडून पाहणे. गोमंतकातील वाचकांना गुलालाची भीती नसेल, पण तेथील चार महिन्यांच्या पावसात चुण्यांना बुरशीचा वास लागतो, आणि मग लाल मातीची धूळ असतेच. त्यांनीही पाऊस सरताच पाहावे.

गाळणीकडून फार अपेक्षा करू नये. साधी गाळणी परागकण आणि धूळ अडविते. धुरातील अतिसूक्ष्म कणांपैकी पुष्कळसे तिच्यातून निसटतात. समोर ट्रक धूर ओकत असेल तर आतली हवा फिरती ठेवण्याचे बटण दाबावे; पण ते तसेच ठेवून लांबचा प्रवास करू नये, उच्छ्वासाचा वायू साचून चालकाला झापड येते. मातोश्रींचा मोटारीतील खोकला उणा झाला हे खरे. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी औषधही बदलले होते, म्हणून सारे श्रेय गाळणीला देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मातोश्रींचा मात्र तिच्यावर विश्वास बसला आहे. काचा बंद ठेवा, असे आता त्याच बजावतात. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की मात्र त्या स्वतःच काच खाली करतात, आणि तेव्हा आम्ही काही बोलत नाही.